रद्दीतून आलेली भेट

१९९८ साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातून सहा मोठे ट्रक निघाले आणि निम्म्याहून अधिक देश ओलांडून ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात पोचले. ट्रकांत भरला होता जुना कागद: वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली, रविवारच्या रंगीत पुरवण्या, कापून तारीखवार लावलेली कात्रणं. एकूण वजन पंचाहत्तर टन. आपल्याकडच्या एखाद्या रद्दीवाल्याने काटा लावला असता, तर सगळा माल किलोच्या भावाने गेला असता. ओहायो स्टेट विद्यापीठाने तो आपल्या व्यंगचित्रांच्या ग्रंथालयासाठी मागवून घेतला होता.

पुस्तकांच्या दुकानात दर्शनी फळीवर हास्यचित्रांची मोठी, देखणी, पुठ्ठ्याच्या पेटीत बसवलेली पुस्तकं मांडलेली असतात. अशी पुस्तकं स्वतःसाठी घ्यायची म्हटलं की किंमत बघून हात मागे येतो. भावाच्या लग्नाच्या वाढदिवसाला, निवृत्त होणाऱ्या सरांना, दहावी झालेल्या भाचीला द्यायची म्हटलं की तोच हात सैल सुटतो. गुळगुळीत कागद, कापडी पाठ, मांडीला जाणवणारं वजन, सगळाच थाट. पण आत छापलेल्या चित्रांचा जन्म झाला तो बाजारातल्या सर्वांत स्वस्त कागदावर. सकाळी चहाबरोबर पाहिलेलं चित्र दोन दिवसांनी दाण्यांच्या पुडीवर तेलकट होऊन जायचं, हेच त्याचं ठरलेलं आयुष्य. भेळेच्या कागदापासून भेटीच्या पेटीपर्यंतचा हा प्रवास आपोआप होत नाही. मध्ये कुणीतरी कागद राखून ठेवलेला असतो. त्या राखणाऱ्याचं नाव पुष्कळदा मुखपृष्ठावर नसतं, पण पुस्तकाचा कस मात्र त्याच्यावर ठरतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या पंचाहत्तर टनांचे राखणदार होते बिल ब्लॅकबिअर्ड. १९२६चा जन्म, तरुणपणी दुसऱ्या महायुद्धात सैन्यात नोकरी, नंतर किरकोळ मासिकांसाठी लेखन. साठीच्या दशकाच्या अखेरीला त्यांच्या मनात आलं, की अमेरिकन चित्रपट्ट्यांचा इतिहास लिहावा. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं पाहायला ते ग्रंथालयांत जाऊ लागले आणि त्यांना धक्का बसला. मोठमोठी ग्रंथालयं वर्तमानपत्रांचे मायक्रोफिल्म काढून मूळ फायली मोडीत काढत होती. ब्लॅकबिअर्डनी त्या मागितल्या, तर उत्तर आलं की सार्वजनिक संस्थेचा माल एका खासगी माणसाला देता येत नाही. मग त्यांनी १९६८मध्ये स्वतःच एक संस्था नोंदवली. नाव भारदस्त: सॅन फ्रान्सिस्को अ‍ॅकॅडमी ऑफ कॉमिक आर्ट. जागा मात्र त्यांचं राहतं घर. संस्थेच्या नावाने गाडी घेऊन ते गावोगाव फिरले, ग्रंथालयांच्या तळघरांतून फायली उचलून आणल्या आणि पुढची तीस वर्षं त्या खोल्याखोल्यांत रचत, कापत, लावत राहिले. कात्रणांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली.

मायक्रोफिल्म झालेलं असताना मूळ कागद कशाला हवा, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. बातमीचा मजकूर मायक्रोफिल्मवर वाचता येतो. पण ही फिल्म काळी-पांढरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन वर्तमानपत्रांची रविवारची चित्रपानं चार रंगांत, पूर्ण पानभर छापली जात. निळ्या रात्रीचा, केशरी पहाटेचा, लालजर्द शर्टाचा सगळा खेळ फिल्मवर मातकट करडा होऊन जातो. बारीक रेषा तुटतात, जाड रेषा एकमेकींत मिसळतात. चित्रकाराच्या मूळ रेखाटनांचीही शाश्वती नव्हती. छपाईचा ठसा तयार झाला, की ती चित्रं कचेरीत पडून राहत, कुणाला तरी सहज देऊन टाकली जात किंवा फेकली जात. म्हणजे कित्येक पट्ट्यांच्या बाबतीत, छापलेलं वर्तमानपत्र हीच एकमेव साक्ष.

आणि त्या साक्षीचं आयुष्य जन्मतःच कमी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्तमानपत्रांचा कागद चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागला. लाकूड दळून केलेल्या लगद्यात लिग्निन नावाचं द्रव्य राहून जातं. ऊन आणि हवा लागली की ते पिवळं-तपकिरी पडतं. कागदातलं आम्ल तंतू कुरतडत जातं आणि पान घडीवर मोडतं. मात्र अंधारात, घट्ट मिटून ठेवलेल्या फायली समजुतीपेक्षा बऱ्याच चांगल्या टिकतात, हेही खरं आहे. निकल्सन बेकर यांनी २००१ साली ‘डबल फोल्ड’ या पुस्तकात ग्रंथालयांनी मोडीत काढलेल्या वर्तमानपत्रांची सगळी हकिगत मांडली, तेव्हा ब्लॅकबिअर्ड यांच्या खटाटोपाची कहाणीही लोकांपुढे आली.

या कागदातून निघालेलं पहिलं मोठं फळ म्हणजे १९७७ सालचं ‘द स्मिथसोनियन कलेक्शन ऑफ न्यूजपेपर कॉमिक्स’. ब्लॅकबिअर्ड आणि मार्टिन विल्यम्स यांनी संपादित केलेला हा भला मोठा ग्रंथ. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनसारख्या राष्ट्रीय संग्रहालयाचं नाव चित्रपट्ट्यांवर लागलं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्या पुस्तकामुळे ज्यांनी आजोबांच्या काळच्या पट्ट्या नुसत्या ऐकल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांसमोर त्या पहिल्यांदा रंगांसह उभ्या राहिल्या.

भेटीचा आणि चित्रकथेचा संबंध तसा जुनाच. चित्रकथेचा आद्यपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात तो रोडॉल्फ टॉफर हा जिनिव्हातला शाळामास्तर. त्याने आपल्या विद्यार्थ्यांच्या आणि स्नेह्यांच्या करमणुकीसाठी आडव्या वह्यांत चित्रकथा काढल्या. वह्या हातोहात फिरल्या, त्यांतली एक म्हाताऱ्या जर्मन महाकवी गटेपर्यंत पोचली, त्याने मनापासून दाद दिली आणि टॉफरला त्या छापायचा धीर आला. ही १८३०च्या दशकातली गोष्ट.

इंग्लंडमध्ये पुढे भेटीच्या पुस्तकांचा एक स्वतंत्र प्रकारच रुजला, ‘अ‍ॅन्युअल’. ‘डेली एक्सप्रेस’ या दैनिकातल्या रुपर्ट नावाच्या अस्वलाचं पहिलं वार्षिक पुस्तक १९३६ साली निघालं. ‘बीनो’ हे मुलांचं साप्ताहिक १९३८मध्ये सुरू झालं आणि पुढच्या वर्षी त्याचंही पक्क्या बांधणीचं वार्षिक पुस्तक आलं. ही पुस्तकं शरद ऋतूत बाजारात येतात, नाताळात मोज्यांबरोबर मुलांच्या हाती पडतात, आणि बीनोच्या पुस्तकावर साल छापलेलं असतं पुढच्या वर्षाचं, म्हणजे जानेवारीत ते शिळं वाटू नये. मराठी वाचकाला यात अनोळखी काही वाटायचं कारण नाही. एका सणाभोवती वर्षभराची वाचनाची हौस गोळा करायची, हे आपण १९०९च्या ‘मनोरंजन’च्या दिवाळी अंकापासून करत आलो आहोत.

अमेरिकेत या प्रकाराला कलाटणी दिली ती एका छोट्याशा चौकोनी पुस्तकाने. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॉनी बाउचर या उद्योजिका ‘पीनट्स’ या चित्रपट्टीचे चित्रकार चार्ल्स शुल्झ यांच्याकडे गेल्या आणि त्यांनी त्या पट्टीतल्या पात्रांचं एक नवं पुस्तक मागितलं. शुल्झनी एका पानावर सुखाची एक साधी व्याख्या आणि समोर एक चित्र, असं पुस्तक करून दिलं. ‘हॅपीनेस इज अ वॉर्म पपी’ हे त्याचं नाव, साल १९६२. रंगीत कागद, मोजके शब्द, खिशाला परवडेल अशी किंमत. ते न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत कित्येक आठवडे ठाण मांडून बसलं. गल्ल्याजवळ ठेवलेली, कार्डापेक्षा थोडी जास्त आणि कादंबरीपेक्षा बरीच कमी अशी जी भेटपुस्तकं पुढे दुकानादुकानांत दिसू लागली, त्यांची वाट या पुस्तकाने रुंद केली.

पण शुल्झचं खरं काम त्या गोड पुस्तकात मावत नाही. ते पाहायचं तर ‘द कम्प्लीट पीनट्स’ उघडावं. २ ऑक्टोबर १९५० रोजी अवघ्या सात वर्तमानपत्रांत सुरू झालेली ही पट्टी शुल्झनी जवळजवळ पन्नास वर्षं एकट्याने काढली. अक्षरंसुद्धा स्वतःच्या हातची. एकूण १७,८९७ पट्ट्या. शेवटची रविवारची पट्टी १३ फेब्रुवारी २००० रोजी छापली गेली आणि तिच्या आदल्याच रात्री शुल्झ वारले. सिअ‍ॅटलच्या फँटाग्राफिक्स या प्रकाशनाने २००४पासून हा सगळा ऐवज तारखांसह छापायला घेतला. एका खंडात दोन वर्षं, वर्षाला दोन खंड. पंचवीस खंडांत पट्ट्या संपल्या, सव्विसाव्यात इतर सुटी चित्रं आली आणि २०१६मध्ये काम पुरं झालं. दर वर्षी नाताळच्या तोंडावर दोन-दोन खंड एका पेटीत घालून भेटीसाठी विकायला ठेवले जात. जुन्या पट्ट्यांतल्या काही तर पहिल्या छपाईनंतर कुठेच आलेल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळावी लागली.

या मालिकेची मांडणी केली सेथ या कॅनडातल्या व्यंगचित्रकाराने, आणि तिचा वेगळा विचार करायला हवा. सेथने भडक रंग, नाचणारी अक्षरं, हसरे चेहरे असलं काही वापरलं नाही. मुखपृष्ठावर एकेक पात्र, बहुधा गंभीर, फिकट-उदास रंगांत. आत एका पानावर तीन पट्ट्या आणि भोवती भरपूर मोकळी जागा. शुल्झच्या विनोदाखाली एक एकटेपणा सतत वाहतो, तो खेळण्यांच्या आणि मगांच्या बाजारात दडून गेला होता. सेथच्या मांडणीने तो वर आणला. शिवाय तारीखवार वाचताना दिसते ती वाढ. स्नूपी आधी चार पायांवर चालणारं साधं कुत्र्याचं पिल्लू आहे. १९५२मध्ये त्याच्या डोक्यावर विचारांचा फुगा येतो, काही वर्षांनी ते दोन पायांवर उभं राहतं, आणि मग त्याच्या कल्पनाविश्वाला आवर राहत नाही. निवडक पट्ट्यांच्या पुस्तकात आपल्याला पूर्ण वाढलेला स्नूपी आयता मिळतो. संपूर्ण संग्रहात तो चित्रकाराच्या बोटांखाली हळूहळू घडताना दिसतो, आणि त्यासाठी सव्वीस खंडांची जागा अडली तरी ती सार्थकी लागते.

काही चित्रांना मात्र क्रमापेक्षा आकार महत्त्वाचा. विन्सर मॅके याची ‘लिटल नेमो इन स्लंबरलँड’ १५ ऑक्टोबर १९०५ रोजी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये सुरू झाली. दर रविवारी नेमो नावाचा मुलगा स्वप्नात जातो आणि शेवटच्या चौकटीत पलंगावरून खाली पडून जागा होतो. गोष्ट एवढीच. पण जुलै १९०८च्या एका प्रसिद्ध पानावर पलंगाचे पाय लांब लांब होत जातात, पलंग घराबाहेर पडून शहरावरून चालू लागतो, आणि पायांबरोबर चौकटींची उंचीही वाढत जाते. वर्तमानपत्राचं पूर्ण पान हाच मॅकेचा रंगमंच. तो वहीच्या आकारात आणला, की पलंग नुसता मोठा दिसतो, उंच वाटत नाही.

हे सहन न झालेल्या पीटर मरेस्का या संग्राहकाने २००५ साली, पट्टीच्या शताब्दीला, मूळ आकारातलं पुस्तक काढायचं ठरवलं: सोळा इंच रुंद, एकवीस इंच उंच. त्यासाठी त्याने स्वतःच ‘संडे प्रेस’ ही प्रकाशनसंस्था उभी केली. हे पुस्तक कुठल्या फळीवर बसत नाही, बिछान्यात पडून वाचता येत नाही. ते सतरंजीवर पसरायचं आणि कोपरं टेकून वाचायचं, शंभर वर्षांपूर्वीची मुलं रविवारी सकाळी वाचत तसंच.

इथे संपादकापुढे एक नाजूक प्रश्न येतो. जुन्या पानाची संगणकावर स्वच्छता करायची ती किती? डाग, घड्या, मागच्या पानाची उमटलेली शाई काढावीच लागते. पण मूळ कागद कधीच शुभ्र नव्हता, त्यावरचे रंग किंचित शोषलेले, मवाळ असत. चकचकीत पांढऱ्या कागदावर तेच रंग आणले की ते किंचाळतात, आणि शतकापूर्वीचं पान कालच संगणकावर रंगवल्यासारखं दिसतं. खरखरीत, किंचित साईच्या रंगाचा कागद निवडणारे संपादक जास्त बरोबर आहेत. त्यांच्या पुस्तकात चित्र आपल्या मूळ हवेत श्वास घेतं.

याच्या उलट दिशेने गेलेला एक प्रकार २०१०पासून अमेरिकेतल्या आयडीडब्ल्यू प्रकाशनाने रूढ केला. त्यात छापील पान बाजूला ठेवून चित्रकाराच्या टेबलावरचं मूळ रेखाटनच, आहे त्या आकारात छापतात. कॉमिकची मूळ चित्रं छपाईपेक्षा बरीच मोठी काढलेली असतात. लहान करताना रेषा आवळून नेटकी होते. आधी फिक्या निळ्या पेन्सिलीने आखणी करतात, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला हा निळा दिसत नाही. म्हणजे खोडायची गरज नाही. मग त्यावर काळी शाई. चूक झाली तर पांढऱ्या रंगाचा हात, कधी वरून चिकटवलेला कागदाचा तुकडा. हे सगळं वाचकापासून लपावं म्हणून केलेलं असतं. या पुस्तकांत काळं-पांढरं चित्र मुद्दाम रंगीत छपाईने घेतात, त्यामुळे निळी आखणी, पिवळलेला गोंद, समासातल्या सूचना, पुन्हा काढलेलं नाक, सगळं उघडं पडतं. चित्रकला शिकणाऱ्या मुलाला यासारखी दुसरी भेट नाही. गुरूच्या खांद्यावरून पाहायला मिळणं म्हणतात ते हेच.

जाडजूड संग्रहांची यादी पुष्कळ लांबवता येईल. गॅरी लार्सनचा ‘द कम्प्लीट फार साइड’ (२००३) दोन खंडांचा, आठ-नऊ किलोंचा, चार हजारांहून अधिक चित्रांचा; त्यात चिडलेल्या वाचकांची पत्रंही छापली आहेत. लार्सनने १९८२च्या एका चित्रात स्टेगोसॉरस या डायनोसॉरच्या शेपटीवरच्या काट्यांना गमतीने ‘थॅगोमायझर’ असं नाव दिलं होतं, आणि शास्त्राकडे त्या भागाला दुसरं नाव नसल्याने पुराजीवशास्त्रज्ञांनी तेच उचललं. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने २००४मध्ये आपल्या व्यंगचित्रांचा ग्रंथ काढला. पुस्तकात २,००४ निवडक चित्रं आणि सोबत दोन सीडींवर तोपर्यंतची सगळी, म्हणजे ६८,६४७. आज घरातल्या संगणकाला सीडीची खाच उरलेली नाही. ते पुस्तक मात्र अजून उघडतं.

भारतात व्यंगचित्रकार शंकर यांच्या नेहरूंवरच्या चित्रांचा ‘डोन्ट स्पेअर मी, शंकर’ हा संग्रह चिल्ड्रन्स बुक ट्रस्टने १९८३मध्ये काढला. पंतप्रधानाच्या एकाच चेहऱ्याकडे एका चित्रकाराने वर्षानुवर्षं कसं पाहिलं, ते त्यात सलग दिसतं. आर. के. लक्ष्मण यांच्या ‘यू सेड इट’च्या चौकटी १९५१पासून टाइम्स ऑफ इंडियात येत होत्या, त्यांचे छोटे-मोठे कितीतरी संग्रह निघाले. लक्ष्मण स्वतः घडले ते मात्र वर्तमानपत्राच्या कागदावर. म्हैसूरला लहानपणी ते ‘हिंदू’ दैनिकात छापून येणारी ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो याची चित्रं पाहत बसायचे. खालची सही त्यांना ‘काउ’ अशी वाटे. गायीचं नाव घेतलेल्या या चित्रकाराची रेषा त्यांनी मनोमन गिरवली, आणि खरं नाव पुष्कळ उशिरा कळलं. बाळ ठाकरे यांच्यावरही याच लोचा प्रभाव होता. मुंबईच्या राजकीय व्यंगचित्राच्या दोन मोठ्या रेषा अशा एकाच झऱ्याला जाऊन मिळतात.

राखणदारीचं आपल्याकडचं सर्वांत देखणं उदाहरण गोव्यात आहे. मारिओ मिरांडा यांचा जन्म १९२६चा, दमणचा, घर लोटलीचं. मुंबईत त्यांनी ‘इलस्ट्रेटेड वीकली’पासून ‘इकॉनॉमिक टाइम्स’पर्यंत सगळीकडे चित्रं काढली. मिस फोन्सेका, मिस निंबूपानी, बंडलदास ही त्यांची माणसं. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांची गर्दी आजही बिअरचे पेले उंचावते आहे. पण छापून झालेली चित्रं ठिकठिकाणी विखुरली होती. गोव्यातले वास्तुरचनाकार जेरार्ड दा कुन्हा यांनी ती शोधायला घेतली. कुणाच्या घरातून, कुठल्या कचेरीतून, कुठल्या जुन्या अंकातून हजारो चित्रं गोळा केली आणि २००८मध्ये ‘मारिओ दे मिरांडा’ हा मोठा ग्रंथ काढला. मारिओ तेव्हा हयात होते. आपलं विखुरलेलं आयुष्य एका बांधणीत हातात घ्यायचं भाग्य फार थोड्या व्यंगचित्रकारांना लाभतं.

त्याहूनही मोलाच्या आहेत मारिओंच्या चित्रमय रोजनिश्या. १९४९, ५० आणि ५१ या वर्षांच्या वह्या जशाच्या तशा छापून प्रसिद्ध झाल्या आहेत. तेव्हा छापून येण्याचा प्रश्नच नव्हता. विशी-पंचविशीतला एक मुलगा पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात दिवसभर जे पाहायचा ते रात्री रेखाटायचा. गावची लग्नं, पाद्री, भाटकार, सोयरेधायरे, नाचगाणी, आळसावलेल्या दुपारी. ज्यांनी गोवा फक्त समुद्रकिनाऱ्यावरून पाहिला आहे, त्यांना भेट द्यायची तर या वह्या द्याव्यात.

मराठीत व्यंगचित्राचं खरं घर म्हणजे दिवाळी अंक, आणि दिवाळी अंकही अखेर रद्दीच्याच वाटेचा. शि. द. फडणीस यांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर एक तरुण आणि एक तरुणी उभे केले. एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची. चित्रात शब्द एकही नाही, आणि सांगायचं काही राहिलेलं नाही. हे शब्दाविण हास्य त्यांनी पुढे दशकानुदशकं जपलं, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही नेलं. त्यामुळे कित्येकांना फडणीस हे नाव माहीत होण्याआधीच त्यांची रेषा ओळखीची होती. त्यांची ‘गॅलरी’ नावाची पुस्तकं भेट द्यायला सर्वांत सोपी. परदेशात वाढलेल्या, देवनागरी न वाचणाऱ्या नातवालाही ती तितकीच कळतात.

वसंत सरवटे यांची जात वेगळी. पेशाने स्थापत्य अभियंता, सिमेंट कंपनीत नोकरी, आणि उरलेल्या वेळात मराठी साहित्यव्यवहाराचं सर्वांत बारीक निरीक्षण. जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ज्या ठणठणपाळ या टोपणनावाने लिहीत, त्याला हातोडा घेतलेलं रूप दिलं ते सरवट्यांनी. पण सरवटे नुसते चित्र काढून थांबले नाहीत; चित्र कसं वाचायचं हेही त्यांनी सांगितलं. ‘परकी चलन’मध्ये त्यांनी परदेशी व्यंगचित्रकारांची मराठी वाचकांशी गाठ घालून दिली, ‘व्यंगकला-चित्रकला’मध्ये या कलेचा विचार मांडला. राजहंस प्रकाशनाचं ‘रेषालेखक वसंत सरवटे’ हे त्यांच्यावरचं पुस्तक तर घरात असावंच. ‘रेषालेखक’ हा शब्दच किती नेमका आहे!

काही गोष्टी मात्र पुस्तकात आणणं अवघड. मधुकर पाटकरांनी १९५१मध्ये सुरू केलेल्या ‘आवाज’ या दिवाळी अंकाची खिडकीचित्रं आठवावीत. वरच्या पानाला कापलेली खिडकी, तिच्यातून दिसणारा तुकडा काहीतरी चावट सुचवतो, आणि पान उलटलं की एखादं निरुपद्रवी दृश्य निघतं. या चित्राचा निम्मा विनोद कात्रीत आहे आणि निम्मा पान उलटणाऱ्या बोटांत. सपाट पानावर शेजारी शेजारी छापलं, की चित्रं उरतात आणि गंमत निसटते. खिडक्या कापून, जुन्या अंकासारखाच एक संग्रह कुणी मनावर घेऊन काढला, तर तो मराठीतल्या सर्वांत आनंदाच्या भेटींपैकी एक ठरेल.

दैनिकातल्या पट्टीचं मराठी उदाहरण म्हणजे ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली ‘सकाळ’मध्ये त्याला आणलं. त्याची आडवी छोटी पुस्तकं एका पिढीच्या वाढदिवसांना वाटली गेली. त्याच पिढीतल्या पुष्कळ मुलांनी वर्तमानपत्रातली चौकट कापून वहीत चिकटवलीही. छोट्या प्रमाणावर का होईना, तेही ब्लॅकबिअर्डचंच काम.

असं पुस्तक भेट म्हणून निवडताना काय पाहावं? आधी तारखा पाहाव्यात. राजकीय व्यंगचित्राखाली साल-महिना नसेल, तर दहा वर्षांत ते कोडं होतं. चित्र कशावरून घेतलं आहे तेही पाहावं; भिंगाखाली रेषा दातेरी दिसली, तर ती छापलेल्या चित्राच्या छायाप्रतीची छायाप्रत आहे असं खुशाल समजावं. चित्र घडीत, दोन पानांच्या सांध्यात गेलेलं नसावं. प्रस्तावनेत फक्त गौरव आहे, की चित्रकार कुठल्या टाकाने, कुठल्या घाईत, कुठल्या संपादकाशी भांडून काढत होता हेही आहे, ते चाळून पाहावं. आणि घेणाऱ्याच्या घरात पुस्तक ठेवायला जागा आहे का, हे विचारायला लाजू नये.

जागेचा प्रश्न ‘द कम्प्लीट कॅल्विन अँड हॉब्स’ला हमखास येतो. तीन खंड, दहा किलो, २००५ची पहिली आवृत्ती. बिल वॉटरसनची ही पट्टी १८ नोव्हेंबर १९८५ ते ३१ डिसेंबर १९९५ अशी जेमतेम दहा वर्षं चालली, ३,१६० पट्ट्या. सहा वर्षांचा कॅल्विन आणि त्याचा वाघ हॉब्स, जो इतरांच्या लेखी कापडी खेळणं आहे. वॉटरसनने या पात्रांच्या बाहुल्या, कपडे, मालिका काहीही होऊ दिलं नाही; त्यासाठी आपल्याच वितरक कंपनीशी वर्षानुवर्षं झगडा केला. दुकानात हॉब्स विकत मिळू लागला, तर तो खेळणं की जिवंत या प्रश्नातला जीवच जाईल, असं त्याला वाटे. त्यामुळे कॅल्विनच्या चाहत्याला अधिकृत भेट द्यायची तर पुस्तकच द्यावं लागतं.

त्याचा दुसरा झगडा जागेसाठी होता. रविवारच्या पट्टीला ठराविक तीन ओळींचा साचा असे, आणि वरची ओळ संपादकाला गाळता यावी अशी सोय चित्रकाराने ठेवायची असे. म्हणजे पहिल्या ओळीत महत्त्वाचं काही घालायचंच नाही! वॉटरसनने १९९१मध्ये काही महिने सुट्टी घेतली आणि फेब्रुवारी १९९२पासून अर्धं पान, न कापता, असा हट्ट मान्य करून घेतला. त्यानंतरच्या रविवारांत चौकटी वाकतात, पसरतात, कधी अजिबात नसतात. डायनोसॉर पानभर धावतात. हा फरक संग्रहात सलग पाहिला की स्पष्ट कळतो.

या पट्ट्यांची तीन हजारांवर मूळ चित्रं वॉटरसनने ओहायो स्टेट विद्यापीठाच्या त्याच ग्रंथालयात ठेवायला दिली आहेत, जिथे १९९८मध्ये ते सहा ट्रक रिकामे झाले होते. लूसी कॅसवेल यांनी १९७७मध्ये सुरू केलेलं हे ग्रंथालय आज बिली आयर्लंड या कोलंबसच्याच जुन्या व्यंगचित्रकाराच्या नावाने ओळखलं जातं.

कॅल्विनची शेवटची पट्टी रविवारची आहे. रात्री नवा बर्फ पडलेला, दोघं घसरगाडी घेऊन निघालेले. झाडांच्या काही काळ्या रेषा सोडल्या तर वॉटरसनने पानाचा बराच भाग कोराच ठेवला. ३१ डिसेंबर १९९५च्या वर्तमानपत्रांत तो बर्फ कागदाच्या रंगाचा होता, किंचित करडा, काही दिवसांत पिवळा पडणारा. संग्रहाच्या तिसऱ्या खंडात, अगदी शेवटी, तो पांढरा आहे.